शेवट आधी सांगून टाकणारी नाटकं

लंडनमध्ये 'द माउसट्रॅप' हे अगाथा ख्रिस्तीचं नाटक १९५२ पासून चालू आहे. प्रयोग संपला की नटांपैकी एक जण पुढे येतो आणि खुनी कोण हे बाहेर कुणाला सांगू नका, अशी प्रेक्षकांना विनंती करतो. शेवट फुटला तर नाटकात उरलं काय, असा त्यामागचा हिशेब. करोनातला चौदा महिन्यांचा खंड सोडला, तर तो हिशेब सत्तर वर्षं बिनचूक चालला आहे.

त्याच शहरातली दुसरी काही नाटकं मात्र शेवट पहिल्याच प्रवेशात सांगून मोकळी होतात. काही मधेच दोनशे वर्षं मागे जातात, काही एकच प्रसंग पुन्हा पुन्हा थोड्या फरकानं दाखवतात. मुंबईत एनसीपीए या कला-संकुलात लंडनच्या 'नॅशनल थिएटर लाइव्ह'चे चित्रित प्रयोग पडद्यावर दाखवतात, त्यामुळे हा प्रकार आता आपल्याही वाट्याला येतो. 'आत्ता नक्की कुठलं साल चालू आहे?' असं शेजारच्याला हळूच विचारायची वेळ भल्याभल्यांवर येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नाटककार टॉम स्टॉपर्ड गेले, तेव्हा त्यांच्या 'आर्केडिया'चं नाव पुन्हा सगळीकडे आलं. ते ऐकून कुणी कुतूहलानं संहिता उघडली असेल आणि पाच-दहा पानांत मिटलीही असेल.

काळाच्या या उलटापालटीला कुणी विद्वत्तेचं प्रदर्शन म्हणतं. थोडं आहेही. पण तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. अपघात झाल्यावर, संसार मोडल्यावर, धडधाकट माणूस अचानक गेल्यावर आपण सगळेच तो विचारतो : हे कुणाला माहीत होतं, आणि कधीपासून?

नाटकातली दोन घड्याळं

कुठल्याही नाटकात दोन घड्याळं चालू असतात. एक प्रेक्षकाच्या मनगटावरचं. प्रयोग साडेआठला सुरू झाला की अकराला संपणार, त्यात कुणाचं काही चालत नाही. दुसरं घड्याळ गोष्टीतलं. ते एका रात्रीचं असेल किंवा पन्नास वर्षांचं. त्याला 'कथाकाळ' म्हणू. हे घड्याळ नाटककाराच्या मुठीत असतं आणि तो त्याचे काटे वाटेल तसे फिरवू शकतो.

हे आजचं नाही. जे. बी. प्रीस्टली यांनी १९३७ साली 'टाइम अँड द कॉनवेज' लिहिलं. पहिला अंक १९१९ चा. पहिलं महायुद्ध संपलंय, सुखवस्तू कॉनवे कुटुंबात के नावाच्या मुलीचा एकविसावा वाढदिवस रंगात आलाय. दुसरा अंक एकदम १९३७ मध्ये उघडतो. पैसा संपलाय, भावंडं एकमेकांवर खेकसतायत, सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत हसरी कॅरल तर केव्हाच वारली आहे. आणि तिसरा अंक? पुन्हा १९१९, तीच रात्र, पहिला अंक थांबला तिथून पुढे. कॅरल समोर उभी आहे आणि आपण आयुष्यात काय काय करणार ते भरभरून सांगते आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरात लावली की हेच होतं. पंगतीत जिलेबीचा आग्रह करणारे काका पुढच्या पावसाळ्यात गेले, वरातीत नाचणाऱ्या दोघा भावांचं आता कोर्टात चाललंय. कॅसेटमध्ये दुःखाचं काहीही नाही. सगळे हसतायत, कुणीतरी कॅमेऱ्यासमोर हात हलवतंय. दुःख आहे ते पाहणाऱ्याला जे माहीत आहे त्यात. पात्रांना कमी ठाऊक आणि प्रेक्षकाला जास्त, ही जी फट पडते तिच्यातूनच ही सगळी नाटकं उगवली आहेत.

प्रीस्टलींवर जे. डब्ल्यू. डन या विमान-अभियंत्याच्या कल्पनांचा प्रभाव होता. भूत, वर्तमान, भविष्य सगळं एकाच वेळी अस्तित्वात असतं आणि स्वप्नात आपल्याला पुढचं दिसू शकतं, असं डनचं म्हणणं. विज्ञानानं ते मान्य केलं नाही. नाटकाचं त्यावाचून काही अडत नाही.

कुणाला कधी कळलं

हॅरॉल्ड पिंटर यांचं 'बिट्रेयल' १९७८ चं. विषय म्हणाल तर अगदी घासलेला : नवरा, बायको आणि नवऱ्याचा जिवलग मित्र. पण नाटक सुरू होतं १९७७ मध्ये, एका पबमध्ये. एमा आणि जेरी यांचं प्रकरण संपूनही दोन वर्षं झाली आहेत. तिथून कथाकाळ बहुतांशी मागे मागे सरकत १९६८ च्या एका पार्टीत संपतो, जिथे हे सगळं पहिल्यांदा सुरू होतं.

पुढे काय होणार हा प्रश्न पिंटरनी पहिल्या दहा मिनिटांतच काढून टाकला. मग उरतं काय? दुसऱ्या प्रवेशात जेरी घाबराघुबरा होऊन मित्राला, म्हणजे रॉबर्टला भेटतो, कारण एमानं काल रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं असं त्याला कळलंय. रॉबर्ट शांतपणे सांगतो की काल रात्री नव्हे, मला चार वर्षांपासून माहीत आहे. इथून पुढे, म्हणजे इथून मागे, प्रत्येक प्रवेश वेगळा दिसायला लागतो. दोघे मित्र रेस्टॉरंटमध्ये जेवतायत, रॉबर्ट कादंबऱ्यांवर तावातावानं बोलतोय, दारू जरा जास्तच पितोय. त्याला माहीत आहे. जेरीला वाटतंय, याचा आज मूड बरा नाही. आणि आपण दोघांकडे आळीपाळीनं बघत बसतो.

हेच प्रसंग सरळ क्रमानं लावले असते तर एक बऱ्यापैकी कौटुंबिक नाटक झालं असतं, आणि मला वाटतं आपण ते विसरलोही असतो.

आर्केडिया : उष्णता निघून जाते, परत येत नाही

स्टॉपर्ड यांचं 'आर्केडिया' नॅशनल थिएटरमध्ये १९९३ साली आलं. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातला एक जमीनदारी वाडा. एक गोष्ट १८०९ पासूनची, दुसरी आजची, दोन्ही त्याच खोलीत आणि त्याच टेबलाभोवती. १८०९ मध्ये तेरा वर्षांची थॉमसिना आपल्या तरुण शिक्षकाकडून, सेप्टिमसकडून, गणित शिकते आहे. आजच्या काळात अभ्यासक त्या वाड्यातली जुनी कागदपत्रं उपसून तेव्हा काय घडलं ते जुळवतायत, आणि त्यातला एक तर मोठ्या आत्मविश्वासानं पार चुकीचं जुळवतोय. खरं काय ते आपण नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून ते प्रवेश खूप हसवतात. इतिहास नावाच्या उद्योगाची इतकी खेळकर चेष्टा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

नाटकात एक वैज्ञानिक कल्पना वारंवार येते, एन्ट्रॉपी. सोपं करून सांगायचं तर, जग सुव्यवस्थेकडून विस्कळीतपणाकडे आपोआप जातं, उलट दिशेनं आपोआप येत नाही. थॉमसिनाला हे खिरीच्या वाटीत दिसतं. तांदळाच्या खिरीत जॅम घालून चमचा फिरवला की लाल रेघा पसरतात. चमचा उलटा फिरवला म्हणून जॅम पुन्हा गोळा होत नाही, खीर आणखीच गुलाबी होते. काळाला दिशा आहे हे या मुलीला पुस्तकांच्या आधी कळलंय.

मग आजच्या काळातल्या एका संवादात जाता जाता उल्लेख येतो, की ती मुलगी सतराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री आगीत गेली. बस, एवढंच. कुणी रडत नाही, संगीत वाजत नाही. पण त्यानंतर १८१२ मधली सोळा वर्षांची थॉमसिना हसत आत येते, वॉल्ट्झ नाच शिकव म्हणून सेप्टिमसच्या मागे लागते, तिला वर खोलीत न्यायला मेणबत्ती पेटवली जाते, आणि त्या मेणबत्तीकडे आपल्याला धड बघवत नाही. विज्ञान, विनोद, बागकामाचा इतिहास असा दोन-अडीच तासांचा सगळा पसारा या एका मेणबत्तीसाठी मांडलेला होता, हे तेव्हा लक्षात येतं.

स्टॉपर्डना हा विषय का सुचत राहिला असावा याचा थोडा माग त्यांच्या आयुष्यात सापडतो, आणि त्यातला एक तुकडा भारतातला आहे. त्यांचा जन्म १९३७ चा, चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लीन गावी एका ज्यू कुटुंबात. नाझींपासून जीव वाचवत कुटुंब सिंगापूरला पोचलं. जपानी आक्रमणात वडील गेले. आई दोन मुलांना घेऊन भारतात आली, आणि पोरगा दार्जिलिंगच्या शाळेत शिकला. आईनं केनेथ स्टॉपर्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि १९४६ मध्ये ते इंग्लंडला गेले. आपले चारही आजी-आजोबा नाझींच्या छळात संपले, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं. 'लिओपोल्डस्टाट' हे नाटक त्यांनी २०२० मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर आणलं. व्हिएन्नातलं एक ज्यू कुटुंब १८९९ ते १९५५ या काळात कसं विरत जातं याची ही गोष्ट. शेवटी उरलेले तिघे जण नातलगांची नावं एकेक करून उच्चारतात आणि प्रत्येकाचं काय झालं ते दोन-तीन शब्दांत सांगतात. त्यातला एक तरुण इंग्लंडमध्ये वाढलाय आणि त्याला यातलं काही आठवत नाही. कुणाला कधी कळलं, हा प्रश्न इथे लेखकानं स्वतःलाच विचारला आहे.

धोका दाराबाहेर नाही

पिंटरच्या सुरुवातीच्या नाटकांत धोका बाहेरून यायचा. खोलीत माणूस बसलेला असतो, दार वाजतं, दोन अनोळखी गृहस्थ आत येतात. समीक्षकांनी त्याला 'धास्तीची सुखात्मिका' म्हटलं. पुढच्या लेखकांनी ते दारच काढून टाकलं.

कॅरिल चर्चिल यांचं 'फार अवे' २००० साली रॉयल कोर्ट थिएटरमध्ये झालं. एका तासाच्याही आतलं नाटक. पहिल्या भागात लहानगी जोन रात्री झोप येत नाही म्हणून मावशीकडे येते. तिनं बाहेर काहीतरी पाहिलंय. घुबड असेल, मावशी म्हणते. पण जोननं रक्तही पाहिलंय, आणि मावशीचा नवरा माणसांना मारताना पाहिलाय. मावशीचं स्पष्टीकरण प्रत्येक वाक्याला बदलतं, आणि शेवटी ते पोरीला पटतं. दुसऱ्या भागात जोन मोठी झालीय, टोप्यांच्या कारखान्यात कामाला आहे. या भरजरी टोप्या घालून कैद्यांची मिरवणूक निघते आणि मग त्यांना मारलं जातं. कामगारांची चर्चा कसली, तर रंगसंगतीची आणि मजुरीची. तिसऱ्या भागात सगळं जग युद्धात उतरलंय, मांजरं फ्रेंचांच्या बाजूला गेली आहेत.

मधल्या वर्षांत काय झालं ते चर्चिल सांगत नाहीत. ती वर्षं गाळली, हीच त्यांची युक्ती. एक पोरगी मावशीवर विश्वास ठेवते आणि पुढच्या प्रवेशात टोप्या शिवत असते. मधल्या पायऱ्या आपल्याला भराव्या लागतात, आणि भरताना आपण कुठल्या देशांची उदाहरणं वापरतो ते आपल्यालाच ठाऊक.

लूसी कर्कवुड यांचं 'द चिल्ड्रन' २०१६ चं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली आहे. जवळच एक निवृत्त शास्त्रज्ञ जोडपं राहतंय. वीज ठराविक तासच, पाण्याचा भरवसा नाही. त्यांची जुनी सहकारी रोझ अचानक येते आणि हळूहळू येण्याचं कारण सांगते : केंद्र आपण बांधलं, तिथे आत्ता तरुण पोरं किरणोत्सर्गात काम करतायत, त्यांच्या जागी आपण म्हाताऱ्यांनी जायला हवं. फुकुशिमाच्या २०११ च्या अपघातानंतर जपानमधल्या निवृत्त अभियंत्यांनी खरोखर अशी तयारी दाखवली होती. या नाटकात कथाकाळ उलटा नाही की तुटलेला नाही. एक संध्याकाळ, एक स्वयंपाकघर. पण चाळीस वर्षांपूर्वीचे निर्णय त्या टेबलावर येऊन बसतात. वातावरण बदलाबद्दलची शंभर भाषणं मला हेच सांगू पाहतात आणि त्यांना ते जमत नाही.

रॉबर्ट आइक यांच्या 'इडिपस'मध्ये, जे २०२४ मध्ये लंडनला झालं, नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या ग्रीक राजाचा आधुनिक राजकारणी होतो. निवडणुकीची रात्र आहे, निकाल यायचाय आणि रंगमंचावर एक डिजिटल घड्याळ उलटं मोजत शून्याकडे चाललंय. शेवट तर अडीच हजार वर्षांपासून जगजाहीर. तरी प्रेक्षक त्या आकड्यांवरून नजर काढू शकत नाहीत.

'पण हे सगळं फार कृत्रिम नाही का?'

आक्षेप रास्त आहे. खरं संकट आलं की माणसं अशी कोड्यात बोलत नाहीत. याला ब्रिटिश नाटकाचं स्वतःचंच एक उत्तर आहे. खऱ्या माणसांच्या मुलाखती किंवा चौकशीतल्या साक्षी शब्दशः घेऊन नाटक रचायचं, लेखकानं पदरचं वाक्य घालायचं नाही.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला १४ जून २०१७ च्या पहाटे आग लागली आणि ७२ माणसं गेली. नूतनीकरणात बाहेरून बसवलेलं ज्वालाग्राही आवरण पेटत गेलं. रहिवाशांना घरातच थांबा असं सांगितलं जात होतं. या घटनेवर चौकशीच्या नोंदींमधून उभं केलेलं एक नाटक २०२१ मध्ये आलं. दुसरं जिलियन स्लोवो यांचं, वाचलेल्यांच्या मुलाखतींमधून घडवलेलं, २०२३ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये झालं.

इथे काळाच्या कोलांट्या नाहीत. तारखा आहेत. लंडनमध्येच लॅकनल हाउस या इमारतीला २००९ मध्ये आग लागून सहा जण गेले होते. त्या मृत्यूंच्या चौकशीतून २०१३ मध्ये शिफारशी आल्या. ग्रेनफेलच्या रहिवाशांच्या एका गटानं २०१६ मध्ये लिहून ठेवलं होतं की मोठी दुर्घटना होईपर्यंत कुणी ऐकणार नाही. तारखा नुसत्या क्रमानं लावल्या की आरोपपत्र तयार होतं. 'बिट्रेयल'मध्ये रॉबर्टला चार वर्षं माहीत होतं, इथे यंत्रणेला आठ वर्षं. प्रश्न तोच. तिथे तो उघडा पाडायला क्रम मोडावा लागला, इथे क्रम पाळावा लागला. म्हणजे तंत्र विषयानुसार बदलतं, आणि जिथे ते विषयावाचून येतं तिथे नाटक पडतं. अशीही पुष्कळ आहेत, त्यांची नावं घेण्यात अर्थ नाही.

गेलेला माणूस रंगमंचावर कसा दाखवायचा

निक पेन यांच्या 'कॉन्स्टेलेशन्स'मध्ये (२०१२) दोनच पात्रं आहेत : मेरिअॅन ही भौतिकशास्त्रज्ञ आणि रोलंड हा मधमाश्या पाळणारा. अनेक विश्वं एकाच वेळी असू शकतात या वैज्ञानिक कल्पनेवर नाटक उभं आहे. त्यांची पहिली भेट आपण अनेक वेळा बघतो. एका विश्वात त्याचं लग्न झालेलं असतं, एकात तो तिला टाळतो, एकात जमतं. मग मेरिअॅनला मेंदूचा ट्यूमर होतो, बोलताना शब्द सापडेनासे होतात. इतकी विश्वं हाताशी असूनही जीव एकाच विश्वात अडकलेला असतो. थिएटरं पुन्हा उघडली तेव्हा, २०२१ मध्ये, हेच नाटक चार वेगवेगळ्या जोड्यांनी केलं. कल्पना नाटकाला साजेशी होती.

माझ्या मते मात्र या सगळ्यांत धाडसी आहे ते डेबी टकर ग्रीन यांचं 'रँडम' (२००८). लंडनमधलं एक कृष्णवर्णीय कुटुंब. आई, वडील, बहीण, भाऊ. सकाळी उठणं, नाश्ता, कामावर जाणं, सगळं सरळ क्रमानं. दुपारी भावाला रस्त्यात चाकू लागतो आणि तो जातो. ही सगळी माणसं एकच अभिनेत्री करते, नेपथ्य जवळपास नाहीच. सकाळी भावाची टिवल्याबावल्या करणारी बोली जिच्या तोंडून ऐकली, तिच्याच तोंडून दुपारनंतर बाकी तिघांचे आवाज येत राहतात. वियोग दाखवायला मृतदेह लागत नाही. एक आवाज काढून घेतला की पुरतं.

'इतकं उदास कोण बघणार?'

बघतात, आणि हसतातही. चर्चिल यांनी सत्त्याहत्तराव्या वर्षी आणलेल्या 'एस्केप्ड अलोन'मध्ये (२०१६) सत्तरीपुढच्या चार बायका परसातल्या बागेत गप्पा मारत बसल्या आहेत. नातवंडं, दुकानं, टीव्ही मालिका. मधून मधून मिसेस जॅरेट उठून पुढे येतात आणि जगबुडीचे प्रकार सांगतात, तेही भूतकाळात, जणू सगळं होऊन गेलंय. दुष्काळ कसा पडला, तर बहुतेक सगळं अन्न टीव्हीच्या कार्यक्रमांकडे वळवलं म्हणून. प्रेक्षक खो खो हसतात. मग त्या परत येऊन खुर्चीत बसतात. एका प्रवेशात चौघी मिळून जुनं पॉप गाणं म्हणतात, आणि तो नाटकातला सगळ्यात आनंदी भाग आहे.

अशी नाटकं तिथेच का पिकतात याचं एक कारण व्यवहाराचं आहे. ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत नाटकाची संहिता सरकारी सेन्सॉरकडे पाठवावी लागे, ते बंधन कायद्यानं गेलं. दुसऱ्याच वर्षी रॉयल कोर्टनं वरच्या मजल्यावर शंभरेक प्रेक्षकांचं छोटं थिएटर सुरू केलं. सार्वजनिक अनुदान आणि मोजक्या खुर्च्या असल्या की लेखकाला आपटायची मुभा मिळते. 'फार अवे' आणि 'कॉन्स्टेलेशन्स' त्याच माडीवर पहिल्यांदा झाली.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी 'बिट्रेयल' सांगेन. इंग्रजी सोपं, वाक्यं आखूड, तीनच मुख्य पात्रं, एका बैठकीत वाचून होतं. प्रत्येक प्रवेशाच्या आरंभी साल दिलेलं असतं. ते पेन्सिलीनं समासात लिहावं आणि त्याच्यापुढे त्या घडीला कुणाला काय माहीत आहे ते टिपत जावं. 'आर्केडिया' त्यानंतर, आणि शक्यतो आधी पडद्यावर किंवा रंगमंचावर बघून मग वाचायला. गणिताचे उतारे पहिल्या वाचनात गाळले तरी चालतात.